मिनिटाला छप्पन्न ठोके

बसस्थानकातले सगळे ड्रायव्हर-कंडक्टर तिला मैना म्हणायचे. ती बसायची ती खोली पिंजऱ्याएवढी होती, तिन्ही बाजूंनी काच आणि काचेवर जाळी. दिवसभर त्या जाळीमागून तिचा आवाज बाहेर यायचा. चार नंबरच्या फलाटावरची गाडी कुठे जाणार, कोणत्या गाडीला उशीर आहे, कुणाचं पोर चौकशीच्या खिडकीपाशी रडत उभं आहे, हे सगळं ती माईकमधून सांगायची. अशी अकरा वर्षं झाली होती. एक जुना कंडक्टर म्हणायचा, "गाडी दोन तास उशिरा येणार म्हणून मैनेनं सांगितलं तरी लोक भांडायला येत नाहीत. बिचारे ऐकत बसतात."

टेबलावर माईक, वेळापत्रकाची वही आणि पाण्याच्या तीन बाटल्या. दर दोन घोषणांमागे एक घोट तिला लागायचाच. "आमच्या गाडीच्या रेडिएटरलासुद्धा एवढं पाणी लागत नाही," असं ड्रायव्हर चिडवायचे आणि ती हसायची. जो दिवसभर बोलतो त्याच्या तोंडाला कोरड पडणारच, यात नवल ते काय? डोळे चुरचुरायचे, त्यांत वाळू गेल्यासारखं वाटायचं. पण गाड्यांच्या धुरात कुणाचे डोळे चुरचुरत नाहीत? साधं बिस्किट खायचं तरी पाण्याबरोबर गिळावं लागायचं. हे कुणा डॉक्टरला सांगण्यासारखं आहे, हे तिच्या मनातही कधी आलं नाही.

नवरा फ्रिज दुरुस्त करायचा. माणूस भला, पण मितभाषी. घरात काही गंभीर बोलायची वेळ आली की तो उठून स्वयंपाकघरातल्या फ्रिजचं दार उघडायचा आणि आत बघत उभा राहायचा. लग्नानंतर पाच वर्षांनी तिला दिवस गेले, आणि तिनं ते सांगितलं तेव्हाही त्यानं हेच केलं. मग दार लावून म्हणाला, "उद्यापासून तुझा डबा मी भरतो." आणि खरोखरच भरायला लागला.

पहिले पाच महिने कसे गेले ते कळलंही नाही. सहावा लागला तेव्हा ती नेहमीसारखी तपासणीला गेली. दवाखाना बसस्थानकाच्या मागच्या गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर होता. नर्सबाईंनी पोटावर थंडगार जेल लावलं, ठोके ऐकायचं छोटं यंत्र टेकवलं आणि बोलता बोलता मध्येच थांबल्या. यंत्रातून आवाज येत होता. पण बाळाचे ठोके नेहमी कसे भरभर, धावत येतात, तसा तो नव्हता. टप्प. टप्प. टप्प. प्रत्येकानंतर जरा जास्तच वेळ.

"हे तुमचेच ठोके येतायत," नर्सबाई म्हणाल्या. त्यांनी यंत्र जरा खाली सरकवलं, मग डावीकडे. नंतर तिचं मनगट हातात धरलं आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत मिनिटभर मोजत राहिल्या. तिची नाडी चौऱ्याऐंशी होती. यंत्रातले ठोके छप्पन्न.

"जरा पडून राहा हं. डॉक्टरांना बोलावते," असं म्हणून त्या गेल्या, आणि जाताना यंत्राचा आवाज बंद करून गेल्या. आवाज का बंद केला, हे तिला तेव्हा कळलं नाही. ती नुसती छताकडे बघत राहिली. तिच्या तोंडचं पाणी पळालं असतं, पण ते मुळातच तिथे नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दोघं मोठ्या इस्पितळात गेले. तिथे बाळाच्या हृदयाची सोनोग्राफी करणाऱ्या एक मॅडम होत्या. पिकत चाललेले केस, चष्मा गळ्यात लटकवलेला. तपासणीला पाऊण तास लागला. तेवढ्या वेळात त्या एक अक्षर बोलल्या नाहीत, आणि नवरा कोपऱ्यात उभा राहून पडद्याकडे बघत होता. या खोलीत उघडायला फ्रिज नव्हता.

मग मॅडमनी कागद घेतला आणि त्यावर चार खोल्यांचं घर काढावं तसं हृदय काढलं. "वरचे दोन कप्पे बघा. इथून ठोक्याचा हुकूम निघतो. मिनिटाला एकशेचाळीस. अगदी बरोबर निघतोय. पण खालच्या कप्प्यांपर्यंत तो पोचतच नाही. मधली वाट बंद झाली आहे. त्यामुळे खालचे कप्पे आपले आपणच, जमेल तसे, सावकाश चालतायत. छप्पन्न."

"म्हणजे थर्मोस्टॅट सांगतोय, पण कॉम्प्रेसरला पोचत नाही," नवरा हळूच म्हणाला.

मॅडमनी त्याच्याकडे चमकून पाहिलं. "हो. तसंच म्हणा."

"वायर बदलता येते का?"

"आत्ता नाही. बाळ जन्मल्यावर पेसमेकर बसवता येतो. तोपर्यंत या छप्पन्न ठोक्यांवर त्याला वाढायचंय. काही बाळं वाढतात. काहींच्या अंगात पाणी साठायला लागतं. तसं झालं तर लवकर बाहेर काढावं लागेल. आणि काही..." त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं. मग म्हणाल्या, "काही वाचत नाहीत. हे मला तुम्हाला सांगायलाच हवं."

मग त्या तिच्याकडे वळल्या आणि भलतंच विचारायला लागल्या. तोंडाला कोरड पडते का? कोरडं खाणं गिळायला पाणी लागतं का? डोळे चुरचुरतात? सकाळी बोटं आखडतात?

ती नुसती हो, हो म्हणत गेली.

"शेवटचं रडलात तेव्हा डोळ्यांतून पाणी आलं होतं?"

तिला आठवेना. काल घरी गेल्यावर ती रडली होती. छाती भरून आली होती, पण उशी कोरडीच होती.

रक्त तपासलं. आठवड्यानं उत्तर आलं. तिच्या रक्तात असे काही घटक होते जे शरीराचं रक्षण करायचं सोडून शरीरावरच उलटतात. तिच्या तोंडातलं आणि डोळ्यांतलं पाणी त्यांनीच आटवलं होतं. तेच नाळेतून बाळाकडे गेले होते आणि त्याच्या हृदयातल्या त्या वाटेवर त्यांनी घाला घातला होता.

"म्हणजे माझ्यामुळे," ती म्हणाली.

मॅडमनी रिपोर्ट बाजूला ठेवला. "रक्तातून गेलंय ते. तुम्ही काही केलंत म्हणून झालेलं नाही, आणि काही करायचं राहिलं म्हणूनही नाही. असं रक्त असलेल्या शंभर बायकांमधल्या अठ्ठ्याण्णव जणींच्या बाळांना काहीही होत नाही."

तिनं मान डोलावली. पण तिच्या डोक्यात फक्त पहिलं वाक्य राहिलं.

आई राहायला आली. आईनं आयुष्यभर लॉन्ड्रीत उभं राहून इस्त्री केली होती. बोटांची पेरं जाड झाली होती, आणि तोंडात कायम लिंबाची गोळी. ती गोळी नसली की आईला बोलताच यायचं नाही, जीभ टाळूला चिकटायची. आल्या दिवसापासून तिनं लेकीला काही उचलू दिलं नाही. बादली नाही, खुर्ची नाही, कुकरसुद्धा नाही. "आई, मी आजारी नाहीये," लेक वैतागून म्हणायची. आई ऐकून न ऐकल्यासारखं करायची.

बाळाला नेमकं काय झालंय हे जावयानंच सासूला समजावून सांगितलं, तेही थर्मोस्टॅट आणि कॉम्प्रेसर घेऊनच. आई निमूट ऐकत होती. शेवटी तिनं विचारलं, "किती म्हणालात?"

"छप्पन्न."

"आणि त्यांना आधी वाटलं की आईचेच ठोके आहेत?"

"हो. नाडी धरून बघितलं तेव्हा कळलं."

आई उठली आणि स्वयंपाकघरात जाऊन धुतलेली ताटं पुन्हा धुवायला लागली.

दुसऱ्या दिवशी दुपारी मायलेकी दोघीच घरात होत्या. आई शेजारी येऊन बसली. तोंडातली गोळी तिनं काढून कागदात ठेवली, आणि लेकीच्या लक्षात आलं की काहीतरी वेगळं आहे.

"तुझ्या आधी एक होता," आई म्हणाली.

एक मूल गेलं होतं एवढं लेकीला माहीत होतं. त्यापुढे त्या विषयावर घरात कुणी तोंड उघडत नसे.

"आठवा लागला होता. नर्सबाई पोटाला लाकडी नळी लावून ऐकायच्या. म्हणाल्या, तुझेच ठोके येतायत गं माझ्या कानात. मग माझी नाडी धरली आणि परत ऐकलं. मग गप्पच बसल्या. म्हणाल्या, फार सावकाश चाललंय, पुढच्या आठवड्यात डॉक्टर येतील तेव्हा ये." आई थांबली. पाण्याचा घोट घेतला. "पुढच्या आठवड्यापर्यंत तो थांबलाच नाही."

"हे तू कधी सांगितलं नाहीस."

"काय सांगायचं? त्या तपासणीच्या चार दिवस आधी घराला रंग द्यायला माणसं आली होती. लोखंडी कपाट भिंतीपासून ओढायचं होतं, घरात कुणी नव्हतं, मी एकटीनं ओढलं. तुझी आजी म्हणाली, कपाट ओढलंस आणि पोर घालवलंस. एकदाच म्हणाली, पुन्हा कधी नाही. पण ते एकदाच पुरलं मला. तुझे बाबा काहीच बोलले नाहीत. रागावले असते तरी बरं वाटलं असतं."

"किती वर्षं झाली?"

"चौतीस."

चौतीस वर्षं आई कपाटाला हात लावताना एक क्षण थांबायची, हे लेकीनं लहानपणापासून पाहिलं होतं. तिला वाटायचं, आईला किल्ली आठवत नसेल. दोघी तशाच बसून राहिल्या. दोघींनाही अश्रू येत नव्हते. मधेच शेजारीण साखर मागायला आली, तिला वाटलं, मायलेकी नुसत्याच भिंतीकडे बघत बसल्यात.

पुढच्या तपासणीला ती आईला घेऊन गेली. आई येतच नव्हती. "माझं काय आता तपासायचंय? या वयात?" पण लेक हट्टाला पेटली. मॅडमनी आईचं सगळं ऐकून घेतलं. नळी, नाडी, कपाट. मध्ये एकदाही घड्याळाकडे बघितलं नाही. आईला जीभ दाखवायला सांगितली, पेरं दाबून पाहिली आणि रक्त घ्यायला सांगितलं.

दहा दिवसांनी रिपोर्ट आला. आईच्या रक्तातही तेच.

"आता मी काय सांगते ते नीट ऐका, आजी," मॅडम म्हणाल्या. "तेव्हा कुणी बाळाचं हृदय बघितलेलं नाही. त्यामुळे शंभर टक्के असंच होतं, हे मी सांगू शकत नाही. पण तुमचं रक्त हे असं, आणि नर्सनं ऐकलेले ठोके तसे. बहुतेक हेच असणार. आणि एक गोष्ट मात्र मी खात्रीनं सांगते. कपाट ओढल्यानं बाळाचे ठोके सावकाश होत नाहीत."

आईनं टेबलावरच्या कोऱ्या कागदांकडे पाहिलं. मग म्हणाली, "लिहून द्याल?"

"काय?"

"हेच. आत्ता बोललात ते. कागदावर."

"कुणाला दाखवायचंय का?"

आईनं विचार केला. सासू जाऊन वीस वर्षं झाली होती, नवरा जाऊन सहा. "दाखवायला कुणी उरलं नाही," ती म्हणाली. "मला वाचायला."

बाहेर रांग होती. तरी मॅडमनी इस्पितळाच्या नावाचा कागद ओढला आणि चार ओळी लिहिल्या. आईनं चष्मा लावून त्या दोनदा वाचल्या. मग एका शब्दावर बोट ठेवलं. "इथे 'गर्भ' लिहिलंय. मुलगा होता तो. मी पाहिलाय त्याला."

मॅडमनी तो कागद फाडला, दुसरा घेतला आणि सगळं पहिल्यापासून लिहिलं. 'मुलगा' लिहिलं, खाली सही केली, तारीख घातली. आईनं कागदाची घडी घातली. आयुष्यभर इस्त्री केलेले हात ते, घडी कशी एका रेषेत बसली. परतीच्या बसमध्ये ती लेकीच्या खांद्यावर डोकं ठेवून झोपली. आई आपल्या खांद्यावर झोपली आहे, हे लेकीच्या आयुष्यात पहिल्यांदाच घडत होतं.

लेकीचं मात्र तसं झालं नाही. आईला सांगितलेलं सगळं तिला पटत होतं, स्वतःला लावून घेता येत नव्हतं. आईनं कपाट ओढलं होतं आणि कपाटाचा दोष नव्हता. तिनं काहीच ओढलं नव्हतं, तरी ते तिच्या रक्तातूनच गेलं होतं. आठवड्याला एकदा तपासणी व्हायची. छप्पन्न, पंचावन्न, छप्पन्न, चोपन्न. बाकीचे सहा दिवस ती बाळाच्या हालचालींवर डोळ्यांत तेल घालून पहारा द्यायची. हाललं की जिवात जीव यायचा, तासभर हाललं नाही की तो पुन्हा टांगणीला. एकदा तिनं सात नंबरच्या फलाटावरची गाडी दोन नंबरवर सांगितली, आणि पन्नास माणसं बोचकी उचलून पळाली. अकरा वर्षांत पहिल्यांदा. कंट्रोलरसाहेब रागावले नाहीत. त्यांनी तिच्या हातातून माईक घेतला, गाडीचा फलाट स्वतः दुरुस्त करून सांगितला आणि म्हणाले, "मैनाताई, आता घरी बसा. आमचा घोगरा आवाज लोक घेतील चालवून."

घरी बसल्यावर एक दिवस तिनं आईला विचारलंच. "माझ्या वेळी तुझ्या रक्तात हेच होतं ना? मग मी कशी वाचले?"

"मॅडमना विचारलं मी ते. म्हणाल्या, ते अजून कुणालाच नीट कळलेलं नाही." आई गोळीचा कागद सोडवत होती. "तुझ्या वेळी मी नऊ महिने कशालाही हात लावला नाही. मला वाटायचं म्हणूनच तू वाचलीस. आता कळलं, तेही खरं नव्हतं." आणि ती चक्क हसली. "उगीच नऊ महिने तुझ्या बाबांना बादल्या उचलायला लावल्या."

लेकही हसली. कित्येक दिवसांनी.

तेहतिसाव्या आठवड्यात ठोके अठ्ठेचाळीसवर आले, आणि सोनोग्राफीत बाळाच्या हृदयाभोवती पाण्याची एक काळी पट्टी दिसली. मॅडम म्हणाल्या, "आता आत ठेवण्यापेक्षा बाहेर बरं." दोन दिवस तिला बाळाच्या फुप्फुसांसाठी इंजेक्शनं दिली, आणि तिसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता सिझेरियन केलं.

मुलगी झाली. एक किलो नऊशे ग्रॅम. रडली, पण तो आवाज मांजरीच्या पिल्लाएवढा. तिला डोळे भरून बघायच्या आत घेऊन गेले.

त्यानंतरचे पाच दिवस त्या तिघांनी कसे काढले ते त्यांनाच ठाऊक. काचेच्या पेटीत मुलगी, छातीतून बाहेर आलेल्या दोन बारीक तारा, आणि तारांच्या टोकाला उधारीचे ठोके देणारं यंत्र. नवरा पेटीपाशी उभा राहून पडद्यावरचा आकडा वाचत असायचा. एरवी तोंडातून शब्द न काढणारा माणूस तिथल्या नर्सेसना प्रश्न विचारून भंडावून सोडायचा. ही तार कसली, ही किती करंट देते, दिवे गेले तर काय. पाचव्या दिवशी ऑपरेशन करून पोटाच्या कातडीखाली काडेपेटीएवढी डबी बसवली. अडीच तास लागले. आई बाकावर बसून होती आणि तिनं त्या अडीच तासांत एकही गोळी तोंडात घातली नाही.

मॅडम बाहेर आल्या. "एकशेवीस," एवढंच म्हणाल्या. सगळ्यांना कळलं.

नवरा वळला आणि भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. त्याच्या डोळ्यांना पाण्याची कमतरता नव्हती. घरात तो एकटाच तसा.

सगळं गोड झालं असं मात्र नाही. इतके महिने सावकाश चाललेलं हृदय थोडं सैल पडलं होतं. ते पूर्ववत व्हायला दीड वर्ष लागलं, आणि त्यात दोनदा मुलीला पुन्हा इस्पितळात ठेवावं लागलं. दुसऱ्यांदा तर मॅडमनी दोघांना खुर्चीवर बसवून सगळं स्पष्ट सांगितलं होतं. ती त्यातूनही उठली. बसली, उभी राहिली, इतरांपेक्षा चार महिने उशिरा चालली.

दुसऱ्या मुलाचा विचार त्यांनी केला होता. मॅडमनी सांगितलं, "एकदा असं झालं की पुढच्या वेळी सहात एक. एक गोळी आहे, तिनं धोका कमी होतो. नाहीसा होत नाही." दोघं घरी आले. नवरा सवयीनं फ्रिजकडे गेला, दाराला हात लावला आणि न उघडताच परत आला. "एकच पुरे," तो म्हणाला. तिनं होही म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. वर्षभर बाळाचे कपडे तिनं कुणाला दिले नाहीत. मग एके दिवशी पिशवीत भरून मागच्या गल्लीतल्या दवाखान्यात, त्याच नर्सबाईंकडे नेऊन दिले.

स्वतःला माफ करणं वगैरे तिला काही जमलं नाही, आणि तसा आवही तिनं आणला नाही. ती आपली गोळ्या वेळेवर घ्यायची, डोळ्यांत थेंब घालायची, कामावर जायची. पाण्याच्या बाटल्या आता चार झाल्या होत्या. नव्यानं लागलेल्या एका कंडक्टर मुलीनं एकदा सहज म्हटलं, "मैनाताई, माझ्याही तोंडाला हल्ली फार कोरड पडते हो." तशी ती ताडकन उठली, तिला जाळीच्या आत बोलावून घेतलं आणि पाच नंबरची गाडी निघून गेली तरी तिचे प्रश्न संपले नाहीत. रडताना पाणी येतं का? बोटं आखडतात का? त्या मुलीचं रक्त शेवटी स्वच्छ निघालं. नुसतंच पाणी कमी प्यायची ती. पण तपासून घेईपर्यंत ताईंनी तिला सुखानं जगू दिलं नाही.

परवा मुलगी पाच वर्षांची झाल्यावरची तपासणी होती. तंत्रज्ञानं तिच्या पोटावर उंदराएवढं एक उपकरण ठेवलं आणि पडद्यावर आकडे बघत बसला. डबीची बॅटरी अजून दोनेक वर्षं जाईल, मग पुन्हा ऑपरेशन, मग पुन्हा काही वर्षांनी. हे असंच चालणार. तपासण्यासाठी त्यानं क्षणभर ठोके वाढवले.

"आई, पळतंय!" मुलगी ओरडली.

"थांबेल हं आता," ती म्हणाली आणि मुलीच्या छातीवर हात ठेवला. हाताखाली ते खरंच पळत होतं, मग हळूहळू चालीवर आलं. तिनं हात काढला नाही. तंत्रज्ञाचं काम संपलं, त्यानं उपकरण उचललं, कागद छापून दिला, पुढच्या माणसाचा नंबर पुकारला, तरी ती तशीच उभी होती. शेवटी मुलगीच कंटाळली आणि म्हणाली, "आई, चल ना, मला भूक लागलीय."